लाल फुलीचा थर्मास

मित्रांनो, मी एक जुना थर्मास आहे, आणि एका हुशार मुलीचं मी वाटोळं केलं आहे. माझी गोष्ट ऐकून तुम्ही मला माफ कराल की नाही, मला ठाऊक नाही.

उरुग्वे देशातल्या दुरास्नो गावी डॉक्टर नेलिदा एचेवेरी यांच्या प्रयोगशाळेत मी कामाला होतो. आमच्याकडे माणूस घराबाहेर पडला की काखेत थर्मास असतोच. माते नावाच्या कडू पाल्यावर गरम पाणी ओतायचं आणि नळीने दिवसभर ओढत राहायचं, ही इथली रीत. माझ्या नशिबी मात्र वेगळं काम आलं. कत्तलखान्यातून गायींची अंडाशयं कोमट मिठाच्या पाण्यात घालून मी प्रयोगशाळेत पोहोचवायचो. गायीच्या पोटातली ऊब वाटभर टिकवायची, एवढंच माझं काम. अंडाशयात हजारो बीजांडं असतात, पण दर खेपेला बहुधा एकच पिकतं आणि बाकीची माघार घेतात. असं का, हे शोधण्यात नेलिदाबाईंनी उमेदीची सगळी वर्षं घातली होती. माझ्यात मातेचं पाणी भरायला सक्त मनाई होती. कुणाचा घोटाळा होऊ नये म्हणून बाईंनी माझ्या अंगावर लाल फुली काढली होती. मला तिचा फार अभिमान वाटायचा.

एका सकाळी ट्रक चालवणाऱ्या विल्मारने मला कत्तलखान्याच्या फरशीवर जरा आपटून ठेवलं. आतल्या काचेच्या बुडाचं टोक मोडलं आणि ऊब धरून ठेवणाऱ्या निर्वात पोकळीत हवा शिरली. बाहेरून ओरखडाही दिसत नव्हता. निघताना पाण्यात तापमापक बुडवून पाहायची शिस्त होती, पण पोहोचल्यावर सगळं घाईघाईने गरम पाण्याच्या भांड्यात ओतलं जायचं. उन्हाळ्यात काही बिघडलं नाही. आमच्याकडे जुलैत हिवाळा असतो; त्या थंडीत मात्र माझ्या पोटातली ऊब अर्ध्या वाटेतच पळून जायची. मला ते कळत होतं, पण सांगणार कसं?

दोन हिवाळे थंडीतली बीजांडं नीट पिकलीच नाहीत. थंडीत गायीचं अंडाशय सुस्तावतं, असा बाईंनी निष्कर्ष काढला. त्यावरचा त्यांचा लेख गाजला. राजधानीत सत्कार झाला तेव्हा त्यांनी मला टेबलावर ठेवलं आणि म्हणाल्या, "हा माझा सगळ्यात प्रामाणिक सहकारी." टाळ्या वाजल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मिर्ता ओलासागास्ती ही त्यांची सर्वांत गुणी विद्यार्थिनी. तिसऱ्या हिवाळ्यात एकदा मी दुसऱ्या खेपेला गेलो होतो, म्हणून तिने आपल्या आईच्या थर्मासातून अंडाशयं आणली. ती बीजांडं छान पिकली.

"बाई, थंडीचा काही दोष नाही. हे बघा ना!"

"घरच्या थर्मासातून आणलीस? पोरी, हे विज्ञान आहे, सहल नव्हे."

"उकळून घेतला होता, बाई. तीनदा मोजली मी."

"मग तिन्ही वेळा चुकलीस. हात कच्चे आहेत तुझे."

मी शेजारच्याच टेबलावर होतो. चार दिवसांनी मिर्ताने प्रयोगशाळा सोडली आणि साल्तो गावच्या एका शाळेत शिकवायला गेली.

त्यावर नऊ वर्षं गेली. एका गोठवणाऱ्या सकाळी बाई आणि विल्मार कत्तलखान्याचं फाटक उघडायची वाट पाहत ट्रकमध्ये बसले होते. विल्मारचा थर्मास हातातून निसटून फुटला होता.

"बाई, लाल फुलीवाला द्या हो. नाहीतर मी इथेच राम म्हणतो."

"आजच्या दिवस. मग उकळून घ्यायचा," बाई कधी नव्हे त्या विरघळल्या.

पहारेकऱ्याच्या शेगडीवरचं वाफाळतं पाणी माझ्यात भरलं. अर्ध्या तासाने विल्मारने पुन्हा नळी तोंडाला लावली आणि तोंड वाकडं केलं.

"शी! हे माते आहे की बेडकाची आंघोळ? बाई, फुटलाय हा. दुसऱ्या कुणाकडे रोजच्या मातेला असता ना, तर पहिल्याच दिवशी पकडला गेला असता!"

तो हसत होता. बाई हसल्या नाहीत. त्यांनी माझ्यात तापमापक घातला आणि त्याच्याकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "मिर्ता बरोबर होती रे."

त्याच आठवड्यात त्यांनी लेख मागे घेतला, सगळ्या जगासमोर आपली चूक लिहून दिली, आणि मला काखेत घेऊन साल्तो गाठलं. मिर्ता शाळेच्या दारात भेटली.

"थर्मास फुटका होता, पोरी. मी तपासला नाही, तुलाच बोल लावला. परत ये."

मिर्ताने मला उलटंपालटं करून पाहिलं.

"नऊ वर्षं मी सूक्ष्मदर्शकाला हात लावला नाही, बाई. मुलांना काही दाखवायचं असलं की दुसऱ्या शिक्षिकेला बोलावते. माझे हात कच्चे आहेत ना."

बाईंनी मला तिच्या हातून घेतलं आणि त्या परतीच्या वाटेला लागल्या.

मित्रांनो, ज्या वस्तूवर तुमचा फार जीव आहे, तिलाही अधूनमधून तपासत जा. तिचा दोष माणसाच्या माथी मारू नका. दुसऱ्याच दिवशी बाईंनी माझ्या जागी नवा थर्मास आणला. मिर्ता परत आली नाही.