सहावा मजला ते तळमजला

मित्रांनो, मी एक जुनी तबकडी आहे आणि माझ्या पोटात एक लिफ्ट आहे. गाणं नाही. पहिल्या बाजूला ती तळमजल्यावरून सहाव्या मजल्यावर जाते, दुसऱ्या बाजूला खाली येते. एका फेरीला अठरा मिनिटं लागतात, कारण मला घडवणाऱ्याने तिला मजल्यामजल्यावर थांबवून दोरांची कुरकुर ऐकली.

तो लिफ्ट दुरुस्त करणारा होता. त्याच्या मते हे संगीत होतं. उसन्या टेपरेकॉर्डरवर त्याने ते टिपलं आणि जाहिरातींच्या तबकड्या कोरून देणाऱ्याकडून आमच्या अकरा प्रती करून घेतल्या. आम्ही प्लॅस्टिकच्या नव्हतो. ॲल्युमिनियमचा पत्रा आणि त्यावर काळ्या रोगणाचा पातळ थर, त्यात सुईने कोरलेल्या रेघा. टेप त्याने पुढच्या इमारतीच्या लिफ्टसाठी पुसून वापरली.

दहा प्रती नातेवाइकांत वाटल्या. मेहुण्याने पूर्ण ऐकली, हे मान्य करायला हवं.

"बिघडलंय काहीतरी," तो म्हणाला.

"तबकडीत?"

"दाजी, तुमच्यात."

माझ्या नऊ बहिणी पिंपांची झाकणं झाल्या, एक भिंतीवरचं घड्याळ झाली. अकरावी मी. मालक वारल्यावर सामानाबरोबर भंगारात गेले आणि शाळेच्या कवायतीच्या तबकड्यांखाली बरीच वर्षं पडून राहिले.

तिथून मला एका जाड चष्मेवाल्याने उचललं. कोणालाच नको असलेल्या तबकड्या शोधायचा त्याला नाद होता. घरात चहाचं भांडं एक आणि तबकड्या चार हजार. मला त्याने तीनदा ऐकलं आणि माझ्यावर लांबलचक लेख लिहिला. 'उतरताना तिसऱ्या मजल्यावर कोणी बाई बोलते,' अशी त्यात एक ओळ होती. लेख चौघांनी वाचला. चौथी लिफ्टवाल्याची मुलगी होती.

तिने फोन केला. "काका, ती माझी आई. आम्ही त्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहायचो. मी चार वर्षांची असताना ती गेली. बाबा सांगायचे, तिचा आवाज तेवढ्या तबकडीतच राहिलाय. पण घरात ती वाजवायचं यंत्र कधीच नव्हतं, आणि बाबा गेले तेव्हा मी परगावी होते. मला आठवत नाही हो तो."

"रविवारी या," चष्मेवाला म्हणाला. "ऐकवतो."

आईचा आवाज स्वच्छ यावा, असं त्याला मनापासून वाटलं. इथेच माझा घात झाला. तबकडीवर सुताराचा पांढरा गोंद पसरायचा, वाळू द्यायचा आणि सोलून काढायचा. रेघांतली धूळ गोंदाबरोबर निघते. चार हजार तबकड्या त्याने अशा धुतल्या होत्या आणि एकीचीही तक्रार नव्हती. त्या सगळ्या प्लॅस्टिकच्या होत्या.

शनिवारी त्याने माझी दुसरी बाजू सोलली. गोंद छान एकसंध निघाला. क्षणभर तो खूश झाला. मग त्याला माझ्या पत्र्यात स्वतःचा चष्मा दिसला. रोगण गोंदाबरोबर निघालं होतं. सहावा मजला ते तळमजला, सगळी उतरण त्याच्या चिमटीत लोंबत होती.

रविवारी मुलगी आली. ती रुग्णालयात एक्स-रे काढते. त्याने खाली मान घालून सगळं सांगितलं. तिने ती काळी साल सवयीने कडांना धरली आणि खिडकीच्या उजेडात बघितली.

"काही दिसत नाही," ती म्हणाली. साल खाली ठेवून म्हणाली, "तुम्ही ऐकलं होतं ना? काय म्हणाली?"

"'अहो, आटपा. पोरगी जेवायची थांबलीय.'"

"असं नाही. ती म्हणाली तसं म्हणा."

पन्नाशीच्या, घोगऱ्या आवाजाच्या त्या माणसाने स्टुलावर बसून पुन्हा म्हटलं.

"'अहो' एवढं लांब होतं?"

"थोडं कमी. आणि शेवटी त्या हसल्या होत्या."

"मग हसा ना."

तो हसला. तिने डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाली, "परत." त्याने सात वेळा म्हटलं. आठव्या वेळी, खरं कसं होतं, हे त्यालाच आठवेना.

मित्रांनो, आमची काळजी घ्या, असं सगळ्याच जुन्या वस्तू सांगतात. मी म्हणते, काळजी घेण्याआधी आम्ही कशाच्या बनलोय, ते विचारा. आणि धुळीसकट का होईना, आवाज ऐकू येतोय तोवर ऐकून घ्या.

मुलगी मला घरी घेऊन आली. कधीमधी पहिली बाजू लावते. लिफ्ट कुरकुरत सहाव्या मजल्यावर पोचते, दार उघडतं. खाली यायची सोय आता नाही.