पाळण्यातही मी, वाळूतही मीच

मित्रांनो, डेन्मार्कमधल्या एका शेतघराच्या कुंपणाशी उभे असलेले मी एल्डरचे जुने झुडूप आहे. उन्हाळ्यात माझ्यावर पांढऱ्या फुलांचे झुबके येतात, मग बारीक काळी फळे धरतात. मात्र मी बी रुजून आलेले नाही.

खूप वर्षांपूर्वीच्या एका फेब्रुवारीत मी निष्पर्ण, गाढ झोपेत होते. गोठा वाढवायचा म्हणून शेताचा मालक इंगवर याने मला तोडायचे ठरवले. त्याआधी त्याची सासू, म्हातारी मारेन, माझ्यापाशी आली आणि वाकून म्हणाली, "बाई, थोड्या काड्या नेते गं. रागावू नकोस."

"सासूबाई, झाड काय 'हो' म्हणणार आहे?" इंगवर हसला.

"नाही म्हणालं तर कळेल तुला."

तिने पेन्सिलीएवढ्या जाड सात काड्या कापल्या. प्रत्येकीचे दोन डोळे, म्हणजे कोंब फुटायच्या गाठी, ओल्या वाळूत गाडले, दोन वर ठेवले. मग इंगवरने कुऱ्हाड घातली. त्याने काही विचारले नाही. माझ्या लाकडाचा त्याने पाळणा केला.

त्याची तीन आठवड्यांची मुलगी बिर्थे त्यात निजली आणि किंचाळत उठली. मग हे रोजचेच झाले. तिच्या पोटऱ्यांवर चिमट्यांचे निळे डाग उमटू लागले. दार बंद, घरात मांजरसुद्धा नाही. बाळ दूध घेईना. तिची आई सिड्सेल रडून अर्धी झाली.

मित्रांनो, काडी लावल्याने नवे झाड होत नाही. तेच झाड पुन्हा उभे राहते. वाळूत मी होते, पाळण्यातही मीच.

सहा काड्या कुजल्या. एप्रिलमध्ये सातवीला पान फुटले आणि मी जागे झाले. त्या सकाळी मारेन इंगवरला बाही धरून घेऊन आली.

"विचार तिला."

"आता? तोडून झाल्यावर?"

"पोर हवी आहे ना तुला?"

तो टोपी काढून चिखलात गुडघ्यांवर बसला. "न विचारता तोडलं," तो म्हणाला. "चुकलं माझं. पोरीला सोड."

मी सोडले. त्याने पाळणा मोडून माझ्या मुळाशी पुरला. त्या दुपारी बिर्थे आईच्या कुशीत पाच तास झोपली आणि सिड्सेल तिच्या नाकाशी बोट धरून श्वास पाहत राहिली.

मित्रांनो, मी दुष्ट नाही. माझ्या फळांच्या काढ्याने या घरातले कितीतरी खोकले थांबले आहेत. पण हिवाळ्यात एखादे झाड वाळल्या काटकीसारखे दिसले, तरी ते मेले असे समजू नका. कापण्याआधी विचारा, क्षणभर थांबा. झोपेत आमचे हात आमच्या ताब्यात नसतात.