गोजरबाईंचा पासवर्ड

ज्याला हे खोटं वाटेल त्यानं श्रीगोंद्याच्या एस.टी. स्टँडवर कुणालाही विचारावं. तिथले लोक माझ्यापेक्षा जास्त मीठमसाला लावून सांगतील. मी आपलं घडलं तेवढंच सांगतो, आणि माझी सवय तुम्हाला ठाऊक आहे, मी वाढवून सांगत नाही.

नव्व्याण्णव साल. आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत लायब्ररीच्या खोलीत कॉम्प्युटर आला. कुठल्याशा ट्रस्टनं दिला होता. अट एकच: मुलांनी पुस्तकं वाचायची, वाचलेल्या पुस्तकावर चित्र काढायचं आणि ती चित्रं इंटरनेटवरच्या शाळेच्या पानावर चढवायची. शाळेचा फोन काढून तीच तार कॉम्प्युटरला जोडायची. मोडेम म्हणून एक चपटी डबी होती. ती सुरू झाली की मानगूट धरलेल्या कोंबडीसारखी ओरडायची. पहिल्या दिवशी तो आवाज ऐकून गावातली कुत्री कालव्यापलीकडं गेली, ती उन्हाळा संपल्यावर परत आली.

लायब्ररी बघायच्या गोजरबाई. शाळेतल्या सगळ्यात जुन्या बाई. वर्गात कडक, पण एका गोष्टीला फार भ्यायच्या. नवऱ्याचं नाव तोंडातून काढायला.

आता जुन्या बाया नाव घेत नाहीतच, त्यात काय, असं तुम्ही म्हणाल. पण गोजरबाईंना अनुभव होता. लग्नात उखाणा घेतला आणि मांडवाचा खांब नवरदेवाच्या डोक्यात पडला. पुढं संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायांनी आग्रह केला, म्हणून पुन्हा नाव घेतलं. त्याच वेळी गोठ्यात बैलानं नवऱ्याला, म्हणजे रंभाजीला, शिंगावर घेऊन शेजाऱ्याच्या पत्र्यावर ठेवलं. तिसऱ्यांदा जनगणनेवाल्यानं विचारलं. रंभाजीला विंचू चावला, आणि जनगणनेवाल्यालाही चावला, कारण त्यानं ते लिहून घेतलं होतं. तेव्हापासून बाईंनी तोंडाला कुलूप लावलं ते लावलंच.

नगरला ट्रेनिंग झालं तेव्हा शिकवणारा पोरगा म्हणाला, "बाई, पासवर्ड म्हणून असा शब्द टाका, जो तुम्ही कधी विसरणार नाही आणि कुणापुढं तोंडातून काढणार नाही." बाईंनी क्षणभरही विचार केला नाही.

आणि मग तो शुक्रवार उजाडला. ट्रस्टचे साहेब नगरहून पान बघायला येणार होते. आमची शाळा मागं आहे, आजही पान चढलं नाही तर कॉम्प्युटर पारनेरकडच्या शाळेला देऊ, असा त्यांचा निरोप होता. चौथीच्या पोरांनी चित्रं काढून, ती नगरहून फ्लॉपीत भरून आणून तयार ठेवली होती. फक्त चढवायची बाकी होती.

सकाळी साहेब यायच्या आत बाई कपाटामागची धूळ झाडायला गेल्या. तिथं गांधीलमाश्यांचं पोळं. दोन्ही हात असे सुजले, की एक बोट टेकवलं तर चार बटणं दाबली जायची. रंभाजी घाईघाईनं औषध आणायला टेम्पोत बसून श्रीगोंद्याला गेला. मी पेपर वाचायला म्हणून आलो होतो, बाईंच्या हाताला चुना लावायला थांबलो.

साहेब आले, खुर्चीत बसले. प्रवीणसर, म्हणजे आमचे नवे गुरुजी, नगर शहरातले, कॉम्प्युटरपुढं बसले. कोंबडी ओरडली, तार जुळली. पडद्यावर चौकट आली.

"बाई, पासवर्ड सांगा."

बाईंनी भिंतीकडं तोंड फिरवलं.

"बाई, पोरं वाट बघतायत."

"सर, तो सांगायचा शब्द न्हाई."

साहेब घड्याळाकडं बघायला लागले. खिडकीत पोरांच्या नाकांची रांग लागली होती. मला बाईंची दया आली. "आवो सर," मी म्हणालो, "बाईंना जे बोलता येत न्हाई असं गावात एकच हाय. त्यांच्या मालकांचं नाव टाका की."

बाईंनी माझ्याकडं असं बघितलं, की चुना माझ्याच हाताला झोंबला.

प्रवीणसर हसले. हजेरीपटात, रेशनकार्डात लिहितात तसं त्यांनी इंग्रजीत रंभाजी टाकलं. पडद्यावर लाल अक्षरं आली. चूक. आडनावासकट टाकलं. पुन्हा लाल.

सर आता हसेनात. "आणखी एकदा चुकलं तर पान बंद पडेल. मग नगरला अर्ज करून उघडावं लागेल."

"म्हणजे आज नाही," साहेब म्हणाले. "मग उद्या मी गाडी पाठवतो. कॉम्प्युटर खोक्यात भरून ठेवा."

खिडकीतलं एक नाक सूंसूं वाजायला लागलं.

"बाई," सर अगदी हळू म्हणाले, "नाव तेच आहे ना?"

बाईंनी हो म्हणून मान हलवली.

"मग तुम्ही लिहिलंत कसं?"

"लिहिलं कसं म्हंजे? कानात हुतं तसं. आमच्या सासूबाई बांधावरनं हाक मारायच्या, तसं."

"कशी मारायच्या?"

बाईंनी दारातून रस्त्याकडं बघितलं. "सर, ते आत्ता टेम्पोत हायेत. कालव्याच्या कडंनं चाललेत."

मी वर्षानुवर्षं भुताच्या गोष्टी सांगत आलो, पण त्या दिवशी लख्ख उन्हात माझ्याच हाताला काटा आला. खांब, बैल, विंचू मी डोळ्यांनी बघितले होते. निदान ज्यांनी बघितले त्यांच्याकडून ऐकले होते.

प्रवीणसरांनी तोड काढली. "सबंध नाव नका घेऊ. सुटी सुटी अक्षरं सांगा."

"नको," बाई म्हणाल्या. "अक्षरं सुटी केली आन माणूसच सुटा सुटा झाला तर?"

यावर साहेबांनीही पाय पोटाशी घेतले.

खिडकीतून अश्विनी नावाची पोरगी म्हणाली, "बाई, माझं हत्तीचं चित्र पारनेरला जानार का?"

बाईंनी तिच्याकडं बघितलं. मग उठल्या. सुजल्या हातांनी कसाबसा पदर डोक्यावर घेतला, पूर्वेकडं तोंड केलं, डोळे मिटले. आवाज असा निघाला, जणू विहिरीतून कुणी बोलतंय:

"कपाटात पुस्तकं, पुस्तकांत पानं,
रंबाजीरावांचं नाव घेते, घाबरल्या मनानं."

कुणी वा म्हणालं नाही. मी आढ्याकडं बघितलं, पडतंय का म्हणून.

"राव पण टाकायचं?" सरांनी कुजबुजत विचारलं. बाईंनी नाही म्हणून मान हलवली. सरांची बोटं निघाली आणि सवयीनं पुन्हा जुन्याच वाटेला लागली, तशा बाई एक डोळा उघडून वर्गातल्या आवाजात म्हणाल्या, "भ भटजीचा न्हाई. ब बदकाचा. एवढं घेतलंय ते वाया घालवू नका."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आम्ही सगळे त्याला रंबाजीच म्हणतो. लिहिताना मात्र रंभाजी लिहितो, आणि हे दोन वेगळे आहेत हे जन्मात कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

पान उघडलं. चित्रं मुंगीच्या चालीनं चढायला लागली. हत्तीची नुसती सोंड चढेपर्यंत साहेबांचा चहा निवला. पोरं नाचत होती, साहेब मान डोलवत होते. गोजरबाई मात्र भिंतीला टेकून रस्त्याकडं बघत होत्या.

शेवटचं चित्र चढलं. सरांनी तार काढून फोनला लावली. लावली न लावली तोच फोन वाजला.

कुणी उचलेना. तो वाजतच राहिला. शेवटी सरांनी रिसीव्हर उचलून बाईंच्या कानाला लावला, कारण बाईंचे हात तसे, आणि सरांना स्वतः ऐकायचं धाडस नव्हतं.

पलीकडून आवाज असा आला, की आम्हाला खिडकीपाशी ऐकू गेला. "आगं कवाधरनं फोन लावतोय! चुना लावलाय का मलम आनू, इचारायला एस.टी.डी. बूथवर उतरलो, तर तुमचा फोन आपला गुंतलेलाच! टेम्पोवाला कटाळून गेला निघून पुढं."

बाईंनी रिसीव्हरवर कान आणखी दाबला.

"आन त्यो टेम्पो," रंभाजीचा आवाज जरा खाली आला, "कालव्यात गेला. डायवर निघाला बाहेर, नुसता भिजलाय. पन मी बसतो ती बाजू राह्यली न्हाई गं. आयकतीस का?"

बाई मटकन खाली बसल्या. रिसीव्हर कानाला धरून सरही त्यांच्यासोबत खाली बसले.

नावानं टेम्पो कालव्यात घातला, का गुंतलेल्या फोननं माणूस वाचवला, यावर गावात अजून दोन पार्ट्या आहेत. बाईंनी वाद घातला नाही. त्यांनी नाव पुन्हा घेतलं नाही, आणि रंभाजीनं गावाबाहेर पाऊल टाकलं की त्या लायब्ररीत येऊन कोंबडी ओरडवायच्या. तो परत दिसेपर्यंत तार तोडायची नाही. तोवर पोरांनी जगातलं काय हवं ते शोधावं, चित्रं चढवावीत, पुस्तकं वाचून आणखी काढावीत.

त्या वर्षी आमचं पान जिल्ह्यात सगळ्यात मोठं झालं. रंभाजीचे मात्र हाल झाले. बिचारा दुपारी पारावर जरा आडवा झाला, की चौथीची पोरं चड्ड्या सावरत त्याच्याभोवती गोळा व्हायची.

"काका, आज कर्जतला काय काम न्हाई का तुमचं?"