निळा दिवा

पांढरं हेल्मेट मिळून मला चौथा दिवस होता. त्याआधी मी रोह्यातल्या या कारखान्याच्या प्रयोगशाळेत होते. सेफ्टी ऑफिसर रजेवर गेले आणि प्लांट मॅनेजर रोहेकर सर म्हणाले, "केमिस्ट्रीची आहेस ना? आठवडाभर धोक्याच्या कामांची परमिटं तू बघ." ठेकेदाराच्या माणसांची हेल्मेटं पिवळी. त्यातलं एक महिपतीमामाचं.

मी मामाकडेच राहते, नदीपलीकडच्या अष्टमी गावात. सकाळी पुलावर त्याच्या मोटरसायकलवर मागे बसले होते तेव्हा तो ओरडला होता, "नीट धर गो. पडलीस तर पेणला तुझी आई माझ्या नावानं शिमगा करल." फाटकाच्या आत मात्र तो मला 'मॅडम' म्हणायचा आणि मी त्याला 'अहो'. तसं दोघांपैकी कुणी ठरवलं नव्हतं.

त्या दिवशी चार नंबरची टाकी आतून साफ करायची होती. टाकीत नायट्रोजन असतो. त्याला वास नाही, रंग नाही. तो पुरता निघाला नसेल तर आत उतरलेला माणूस ओरडायच्या आत कोसळतो. म्हणून मीटरची नळी सोडून वर, मध्ये आणि तळाशी ऑक्सिजन मोजायचा, मग मी परमिटवर सही करायची. उतरणार होता मामा.

ठेकेदाराचा सुपरवायझर प्रणितने कागद पुढे केला. तिन्ही रकान्यांत २०.९ टक्के. बाहेरच्या हवेत असतो तितकाच. असं येऊ शकतं. तरी तळाशीसुद्धा दशांश हलू नये, हे मला खटकलं.

"मोजलंत?"

"मोजलं मॅडम."

"मीटर कुठंय?"

"चार्जिंगला ठेवून आलो. पार त्या टोकाला. आणू का परत?" त्याने घड्याळ पाहिलं.

तेवढ्यात फोन वाजला. रोहेकर सर. "झालं का परमिट?"

"झालं सर."

पेनचं टोपणही मी अजून काढलं नव्हतं.

मी फोन ठेवला. सर रागावले नव्हते, त्यांनी नुसतं विचारलं होतं. मी उत्तराचा विचारच केला नव्हता. ते आपोआप बाहेर पडलं होतं.

मामा दोर अडकवायचा हार्नेस अंगावर चढवून टाकीच्या तोंडाशी, मॅनहोलपाशी उभा होता.

"अहो, तुमच्यासमोर मोजलं ना?"

"व्हय मॅडम."

मी जवळ गेले, आवाज खाली आणला. "मामा, खरं सांग."

त्याने प्रणितकडे पाहिलं, मग माझ्या हेल्मेटकडे. "व्हय म्हटलं ना मॅडम."

प्रयोगशाळेत उपकरणावर शंका आली की आम्ही त्याला कोरा नमुना देतो, ज्यात शोधायचं काहीच नसतं असा. त्यातही त्याने काही दाखवलं, तर त्याच्या बाकीच्या आकड्यांवरही विश्वास ठेवायचा नाही.

"तळाशी मोजताना निळा दिवा लागला होता ना मीटरचा?"

"लागला की," प्रणित म्हणाला.

"व्हय मॅडम, निळाच," मामा म्हणाला.

त्या मीटरला निळा दिवाच नाही.

गेल्या तीन दिवसांत मी सात परमिटांवर सह्या केल्या होत्या.

मी सरांना फोन लावला. "सर, मघाशी झालं म्हणाले. झालेलं नाही. मोजलेलंच नाही."

"मग आधी का सांगितलंस?"

"तुम्ही विचारलंत म्हणून."

प्रणित पाय आपटत मीटर घेऊन आला. मी स्वतः नळी सोडली. वर २०.६. मध्ये १७. तळाशी १०.८, आणि मीटर किंचाळू लागला, लाल दिव्यासकट.

मामाचा हात हार्नेसच्या पट्ट्यावर होता. तो तिथेच राहिला. मग मामा शेजारच्या पाइपवर खाली बसला.

"निळा का म्हणालास?" मी विचारलं. 'अहो' तोंडातून आलंच नाही.

"तू ईचारलंस," तो म्हणाला. "म्हंजे आसंलच."

फोन पुन्हा वाजला. "हवा सोडून टाकी अर्ध्या तासात तयार होईल ना?" सर विचारत होते.

'हो सर' ओठांपर्यंत आलं. मामा माझ्याकडे पाहत होता.

"माहीत नाही सर," मी म्हणाले. "मोजून सांगते."