लहर उठली कुठून

सोलापुरातल्या त्या मोठ्या दवाखान्यात प्रतिक्षा संशोधन करत होती. माळशिरसकडच्या बजाबाईंना सारखी फीट यायची. ती मेंदूत नेमकी कुठून उठते हे शोधायला सर्जननी त्यांच्या मेंदूवर तारांची पातळ पट्टी ठेवली होती. जागा सापडली, ऑपरेशन झालं, बजाबाई ठणठणीत होऊन घरी गेल्या. मागे उरलं रेकॉर्डिंग. मेंदूवर टिपलेली एकेक लहर म्हणजे खालच्या हजारो पेशींचा गलका. त्यात नेमकं कोण बोलतंय हे वरून ओळखायचं, याचा प्रतिक्षानं ध्यास घेतला होता. बजाबाईंच्या उशाशी बसून रेकॉर्डिंग केलं तेही तिनंच. तिचे गाइड डॉ. सोमशेखर वॉर्डाकडे फिरकलेसुद्धा नव्हते.

कानशिलाजवळच्या तारांवर बारीक, वेगवान लहरींचा एक झुबका होता. बजाबाई बोलायच्या जरा आधी तो उठायचा. ओठांवर येण्याआधीचा विचार सापडला म्हणून सोमशेखर हरखले आणि पेपर लिहायला बसले. प्रतिक्षाला मात्र चैन पडेना. तिनं वॉर्डातला व्हिडिओ पुन्हा लावला आणि कपाळाला हात लावला. बजाबाई घरनं आलेली कडक भाकरी खात होत्या. घास चावायचा, मग बोलायचं, पुन्हा घास. चावताना कानशिलाचा स्नायू आवळतो, त्याची वीज तारांनी टिपली होती. पेशी बिचाऱ्या यात कुठंच नव्हत्या.

ती तडक सरांच्या केबिनमध्ये गेली.

"सर, त्या लहरींबद्दल सांगायचं होतं."

"पेपर उद्या जातोय," ते मान वर न करता म्हणाले. "नाव माझं एकट्याचं आहे. शेवटी तुझे आभार मानलेत, तांत्रिक मदतीबद्दल. तुझ्यासारखीला तेवढं पुष्कळ झालं."

प्रतिक्षाच्या अंगाचा तिळपापड झाला. सांगायला आली होती ते तिनं गिळून टाकलं. घ्या म्हणावं, सगळं घ्या, आणि मिरवा गावभर. जुळे सोलापूरला घरी जाईपर्यंत ती स्कूटीवर दातओठ खात होती.

पेपर छापून आला. सोलापुरातच परिषद भरली आणि सोमशेखर हारतुरे घेऊन बोलायला उभे राहिले. पडद्यावर तो झुबका झळकला, टाळ्या पडल्या. मग मागच्या रांगेतून प्रतिक्षा उठली. या घटकेची तिनं किती वाट पाहिली होती.

"सर, ही लहर उठली तेव्हा बजाबाई काय करत होत्या?"

"विचार," सर हसून म्हणाले. सभागृहही हसलं.

"माझ्याकडे तेव्हाचा व्हिडिओ आहे. लावते."

पडद्यावर डोक्याला पट्ट्या बांधलेल्या बजाबाई आल्या. खाली लहरींची रेघ सरकत होती. भाकरी कुर्रकन वाजली, झुबका उठला. पुन्हा कुर्र, पुन्हा झुबका. घास गिळून बजाबाई म्हणाल्या, "तूबी घे की लेकी. लई कडक हाय, पर ग्वाड लागती."

कुणीतरी फिस्सकन हसलं आणि मग कुणालाच आवरेना. सोमशेखरांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी माइक घट्ट धरला.

"मी वॉर्डात नव्हतो," ते म्हणाले. "रेकॉर्डिंग प्रतिक्षानं केलं. हे सगळं काम तिचंच आहे."

हेच वाक्य चारचौघांत ऐकायला तिचा जीव तळमळला होता. आता ते कानावर पडलं आणि तिला आतून गार गार वाटलं.

"नाही सर," ती शांतपणे म्हणाली. "पेपरवर तुमचं एकट्याचं नाव आहे."

आणि ती खाली बसली.