नावाचे डबे

जसोदाबाईंनी आजवर कुणाला रिकाम्या हाताने वाटेला लावलं नव्हतं. वीजबिल वाटणारा माणूस दारात आला तरी जाताना त्याच्या खिशात शेंगदाणे जायचे. मागच्या उन्हाळ्यात तर त्यांची सून निघाली होती ती थेट इंग्लंडला, जसोदाबाईंच्याच पोटच्या लेकाकडे. मग काय विचारता! बॅग त्यांनी एकटीने भरली, दार लावून भरली, आणि नवऱ्याने, हिंमतरावांनी, वर गुडघा टेकवला तेव्हा कुठे तिची चेन लागली.

सून म्हणजे रोशनी. लोणखेड्याच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. तिचा नवरा धर्मेंद्र केळीच्या मुलखात जन्मला आणि शिकून-सवरून इंग्लंडात गेला तो केळी पिकवायच्या गोदामांची यंत्रं सांभाळायला. नशीब माणसाला कुठेही नेवो, घड काही हातचा सुटू देत नाही. तीन वर्षांचा करार होता. पहिल्या वर्षी तो दिवाळीला येणार होता, मग होळीला, मग लगीनसराईत. शेवटी रोशनीनेच पंधरा दिवस जाऊन यायचं ठरवलं. व्हिसा मिळाला, ती विमानात बसली, उतरलीही. आणि तिथल्या विमानतळावरूनच तिला परत पाठवलं. बाहेर हातात फुलं घेऊन उभा असलेला नवरा तिला काचेतूनसुद्धा दिसला नाही.

गावात सांगितलं की एक कागद कमी पडला. घरातही तेच सांगितलं. खरी गोष्ट फक्त नवरा-बायकोला ठाऊक होती, आणि ती आईच्या कानावर जाऊ द्यायची नाही असं दोघांनी फोनवर ठरवून टाकलं होतं.

यंदा मार्च संपता संपता रोशनीने पुन्हा कंबर कसली. बावीस महिने झाले होते नवऱ्याला पाहून. फोनच्या पडद्यावर दिसतो तो नवरा मोजायचा नसतो. त्याचा अर्धा वेळ 'ऐकू येतंय का' विचारण्यातच जातो. या वेळी पुन्हा नकार आला तर करार संपेपर्यंत भेट नाही, हे तिला पक्कं कळत होतं. त्यातून कंपनी करार वाढवून देते म्हणाली, असं धर्मेंद्र मध्ये एकदा बोलून गेला होता. 

शहाद्याला एसटी स्टँडसमोर सकलैनचं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. रोशनी तिथे निघाली तर जसोदाबाई म्हणाल्या, "मी बी येस. पापडनी डाळ लेनी शे." नाही कशी म्हणणार?

सकलैन एकेक प्रश्न वाचत होता, रोशनी उत्तरं देत होती. मध्येच तो थांबला. "ताई, याआधी कुठल्या देशाने प्रवेश नाकारलाय का?"

रोशनीने तोंड उघडायच्या आत सासूबाईच बोलल्या, "नही लिखी टाक. कोन दखी ऱ्हायनं?"

"काकू, तेस्ना कॉम्प्युटरमा सगळं शे," सकलैन म्हणाला. "खोटं लिखं ते दहा वरीस दार बंद. 'हो' लिहू आणि कारण नीट समजावून सांगू. ताई, ते नकाराचं पत्र द्या."

रोशनीने पत्र दिलं. तिला वाटलं, तो मनातल्या मनात वाचेल. पण सकलैनला दिवसभर लोकांना कागद वाचून दाखवायची सवय. त्याने मराठीत, खणखणीत आवाजात सुरुवात केली. पंधरा दिवसांसाठी आलोय असं या बाईंनी सांगितलं. परंतु त्यांच्या बॅगेत ज्वारीच्या वाळवलेल्या दोनशे दहा बिबड्या, तीनशे पापड, तीन किलो शेवया, चार किलो काळा मसाला, एक पोळपाट आणि एक लाटणं सापडलं. हे किती काळ पुरेल असं विचारलं असता, दोन माणसांना एक वर्ष, असं त्यांनी उत्तर दिलं. यावरून त्या परत जाण्याच्या इराद्याने आलेल्या नाहीत अशी आमची खात्री झाली आहे.

 खरं तर रोशनीचं चुकलं होतं ते एवढंच, की तिला कुणी मोजमाप विचारलं की तोंडून अचूक उत्तर निघतं. प्रयोगशाळेतली खोड.

जसोदाबाई उठल्या. डाळ न घेताच रिक्षात जाऊन बसल्या. लोणखेड्याला उतरताना त्यांनी एवढंच विचारलं, "माले सांगं काब्र नही?"

"तुमले वाईट वाटी म्हनीसन," रोशनी म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

"मंग आते काय बरं वाटी ऱ्हायनं का?"

पुढचे तीन दिवस जसोदाबाई गच्चीवर फिरकल्याच नाहीत. गल्लीतल्या सगळ्या गच्च्यांवर वाळवणं पडली होती, एकट्या जसोदाबाईंची गच्ची उघडी. बायका वरूनच विचारायच्या, यंदा काय झालं? हिंमतराव बायकोला म्हणाले, "धर्मानी माय, डॉक्टरकडे जाऊत का?" त्यावर त्यांना जे उत्तर मिळालं ते इथे सांगण्यासारखं नाही. रोशनीला मात्र सासूची भीती वाटत नव्हती, दया येत होती. प्रेमाने भरलेली बॅग लेकाच्या दारातून परत आली आणि तीही आपल्यामुळेच, हे त्या माउलीला गिळता येत नव्हतं.

चौथ्या दिवशी सकाळी जसोदाबाई रोशनीच्या खोलीत आल्या. दोन्ही काखेत एकेक पत्र्याचा डबा. या घरात वर्षाचं वाळवण झालं की प्रत्येकाच्या नावाचा डबा वेगळा भरतात. आधी भरल्या घरात भांडणं नकोत म्हणून सुरू झालं असेल, आता रीतच पडली होती. एका डब्यावर रोशनीचं नाव होतं, दुसऱ्यावर धर्मेंद्रचं. दोन्ही खाली ठेवून त्या म्हणाल्या, "लिख. मी सांगस."

"काय लिहू?"

"तो साहेब बराबर बोलना. वर्षनं सामान लिसन कोनी पंधरा दिनसाठी जास का? चूक मन्ही शे. मीच लिखी देस."

त्या अहिराणीत सांगत गेल्या आणि रोशनी शाळेच्या मराठीत उतरवत गेली:

"मी जसोदाबाई हिंमतराव. मागच्या वर्षी सुनेची बॅग मी भरली, तिला विचारलं नाही. बॅगेत होता तो माझ्या मुलाच्या नावाचा डबा, मी तो पूर्ण रिकामा केला. पोळपाट त्याच्यासाठीच, कारण तो पोळ्या काचेच्या बाटलीने लाटतो. तुमच्या साहेबांची चूक नाही. वर्षाचं सामान पाहून मीही तेच म्हटलं असतं. या वर्षी सून एकवीस दिवसांसाठी येत आहे आणि तेवढंच सामान आणेल. तिच्या नावाचा डबा मी घरी भरून ठेवला आहे. आमच्याकडे भरलेला डबा टाकून कुणी जात नाही."

लिहून झालं. रोशनी म्हणाली, "पण आई, डबे तर रिकामेच शेत."

"हां. मंग खोटं कसं लिखशी? थांब."

आणि अर्ज अडला. सकलैनचा दोनदा फोन आला, ताई, फॉर्म कधी पाठवायचा? रोशनीने खरं तेच सांगितलं, पापड वाळले की पाठवू. गच्चीवर गल्लीतल्या बायका जमल्या, आणि या वेळी जसोदाबाईंनी त्यांना बॅगेची सगळी हकिकत आपल्याच तोंडाने सांगितली, वर स्वतःवर हसल्याही. बायका तर लाटणी टाकून हसल्या. पाचव्या दिवशी डबे काठोकाठ भरले. त्यांच्यामध्ये जसोदाबाईंना बसवून फोटो काढला. आधार कार्डावर असतो तसलाच चेहरा करून त्या बसल्या होत्या.

कॉलेजचं रजेचं पत्र, सातबारा, लग्नाचा दाखला, इंग्रजी करून घेतलेलं जसोदाबाईंचं पत्र आणि तो फोटो, असं सगळं जोडून अर्ज गेला. रोशनी अहमदाबादला जाऊन बोटांचे ठसे देऊन आली. पाच आठवड्यांनी कुरिअरवाला पाकीट घेऊन आला तेव्हा ती परीक्षेच्या कामावर होती. हिंमतरावांनी पाकीट फोडलं, व्हिसा पाहिला आणि वाचायचा चष्माही न काढता मोटरसायकलवरून थेट कॉलेज गाठलं. कुरिअरवाला अर्थातच शेंगदाणे घेऊन गेला.

या खेपेला बॅग रोशनीने भरली. जसोदाबाई शेजारी बसून मोजत होत्या, दिवसाला दोन, असे बेचाळीस पापड. त्रेचाळिसावा त्यांच्या हातात बराच वेळ होता. मग त्यांनी तो मोडून स्वतःच खाल्ला.

तिकडच्या विमानतळावर अधिकाऱ्याने विचारलं, "किती दिवस?" रोशनी म्हणाली, "एकवीस." खाण्याचं काही आहे का? "बेचाळीस पापड." त्याने एकदा तिच्याकडे पाहिलं, शिक्का मारला आणि पुढच्या माणसाला हाक मारली. वर्षभराची धास्ती, आणि काम अर्ध्या मिनिटाचं! बाहेर धर्मेंद्र उभा होता. घरून निघाला होता त्यापेक्षा बारीक झालेला, हातात मागच्या वर्षीसारखीच फुलं. रोशनी लोकांदेखत रडली आणि तिला त्याची जराही लाज वाटली नाही.

खोलीवर बॅग उघडून धर्मेंद्रने आत पाहिलं, मग कप्पे चाचपले. "एवढंच? आईनं माझ्यासाठी एवढंच दिलं?"

"तुझं घरी आहे. तुझ्या डब्यात."

"माझ्या डब्यात? मी नसताना?"

"तू गेल्यापासून आई दर उन्हाळ्यात भरतात. वर्ष सरलं की जुनं शेतावरच्या बायकांना वाटतात आणि पुन्हा भरतात. मागच्या वर्षी तेवढा तो माझ्या बॅगेत रिकामा केला. तीच चूक झाली, असं म्हणतात. तुझा डबा इकडे आला असता तर तू कशाला गेला असतास तिकडे?"

धर्मेंद्र खाली बसला.  मग त्याने घरी फोन लावला.

"आई, करार वाढवत नाही मी. आणि दिवाळीले घर येस. नक्की."

तिकडून जसोदाबाईंचा आवाज आला, रोशनीलाही लांबून स्वच्छ ऐकू येईल असा.

"माले माहीत शे. म्हनीसन त डबा भरेल शे."