सभागृहापुरतं खरं

हिंदुस्थानच्या संसदीय इतिहासात लोणावळ्याचे नाव आदराने घेतले जाईल, असे १९३६च्या उन्हाळ्यात निवृत्त मुनसफ परचुरे यांनी वाचनालयाच्या दिवाणखान्यात जाहीर केले. इतिहासाने अद्याप ते घेतलेले नाही.

परचुरे ज्याचे अध्यक्ष होते ते ‘मावळ प्रतिकायदेमंडळ’ म्हणजे खऱ्या कायदेमंडळाची नक्कल. खऱ्याला अधिकार थोडे होते, आमच्याला मुळीच नव्हते; त्यामुळे आमच्याकडे चर्चा अधिक मोकळेपणाने होई. पक्ष चार. पुरोगामी पक्षात वकील, सनातन पक्षात त्यांचे सासरे, रयत पक्षात तालुक्यातले जमीनवाले, आणि समन्वय पक्षात एकटे पोस्टमास्तर. त्या आठवड्यात त्यांच्या पक्षात फूट पडली होती.

त्या दिवशी विधवांच्या वारसाहक्काचे विधेयक होते. नवऱ्याच्या जमिनीत विधवेला वाटा मिळावा, एवढेच त्यात म्हटले होते. प्रस्तावना मात्र ऋग्वेदापासून सुरू होत होती. ती संपण्याआधीच सनातन पक्षाने सभात्याग केला आणि तो समोरच्या हॉटेलात चहाला गेला. गणपूर्तीला एक सभासद कमी पडला.

प्रेक्षकांतून तात्पुरता सभासद नेमण्याची सोय नियमांत होती. पुण्याहून कोणी बडे वकील आले तर त्यांना बसवता यावे म्हणून ती केलेली. त्या दिवशी पुण्याहून कोणी आले नव्हते. चिकाच्या पडद्याआड मात्र चार-पाच बायका होत्या. परचुऱ्यांनी विचारल्यावर बाकीच्या हसल्या आणि औंढ्याच्या कस्तुराबाई उठून पुढच्या खुर्चीत येऊन बसल्या.

“बाई, नुसतं बसायचं आहे,” परचुरे म्हणाले.

“बसायलाच आल्ये,” कस्तुराबाई म्हणाल्या.

मग रयत पक्षाचे नेते कोंडाजीराव बोलायला उठले. हे कस्तुराबाईंचे धाकटे दीर. बाईंच्या नवऱ्याने, दत्तोबाने, उतार फोडून, बांध घालून भाताचे एक खाचर केले होते. दत्तोबा गेल्यापासून ते कोंडाजीराव कसत होते आणि बाईंना त्यात पाय टाकू देत नव्हते. भाषण मात्र सुरेख झाले. “विधवेचा घास ओढणारा बाप्या मी बाप्या मानत न्हाई,” असे ते म्हणाले. टाळ्या पडल्या.

टाळ्या थांबल्यावर कस्तुराबाईंनी विचारलं, “भावजी, मग आमचं खालचं खाचर कवा सोडताय?”

अध्यक्षांनी घंटा वाजवली. “सभागृहात भावजी म्हणता येणार नाही. सन्माननीय सभासद म्हणा.”

“सन्माननीय भावजी, खाचर कवा सोडताय?”

“वयनी, घरातलं हितं काडू नगा,” कोंडाजीराव हळूच म्हणाले.

“घरात काडलं तवा म्हणलात, बाईमाणसानं जमिनीचं बोलू न्हाई. हितं तर त्याच बोलण्याला लोक टाळ्या वाजवत्यात. म्हणून हितं काडलं.”

परचुऱ्यांनी सभासदांच्या विशेषाधिकाराचे कलम वाचून दाखवले. सभागृहात केलेल्या भाषणाबद्दल सभासदाला बाहेर जाब विचारता येत नाही. इंग्लंडात यासाठी रक्त सांडले होते, असेही त्यांनी सांगितले.

“म्हंजी ह्ये हितं खरं आन् भाईर खोटं?”

“खोटं नव्हे, बाई. बाहेर लागू नाही.”

“मग मी भाईर जातच न्हाई,” कस्तुराबाई म्हणाल्या, आणि मांडी घालून खुर्चीत नीट बसल्या.

अध्यक्षांनी बैठक तहकूब करायचे ठरवले. पण प्रश्नाला उत्तर मिळालेले नसताना आणि विचारणारा हजर असताना बैठक तहकूब करता येत नाही, असे कलम त्यांनीच सनातन्यांना डांबून ठेवण्यासाठी घातले होते. चहा पिऊन परतलेल्या सनातन्यांनी ते मोठ्याने वाचून दाखवले. विधवेला वाटा देण्याला त्यांचा विरोध कायम होता, पण नियमाला त्यांचा पूर्ण पाठिंबा होता.

“वयनी, उटा आता. लोक हसत्यात.”

“हसू द्या. मगाशी टाळ्या वाजवल्या तवा उटा म्हणला न्हाईत.”

“ह्ये समदं नाटक हाय वो.”

“आसंल. नाटकातबी सोंग पुरं करत्यात.”

एवढ्यात कार्ल्याचा बजरंग मांडववाला माणसे घेऊन आला. खुर्च्या त्याच्या होत्या आणि त्या एका लग्नघरी पोचवायच्या होत्या. त्याने आधी अध्यक्षांची उचलली. पुरोगाम्यांनी घटनात्मक पेच म्हणून निषेध नोंदवला. तो नोंदवेपर्यंत त्यांच्याही खुर्च्या गेल्या. कस्तुराबाई आपणहून उठल्या आणि फरशीवर बसल्या.

“आता तरी संपली का सभा?” कोंडाजीरावांनी अध्यक्षांना विचारलं.

खुर्च्यांबद्दल कलम नाही, असे परचुरे म्हणाले. ते आता भिंतीला टेकून उभे होते.

चारही पक्ष उभे, बाई तेवढ्या बसलेल्या. दिवस कलला होता. कोंडाजीरावांना औंढ्याची वाट गाठायची होती, आणि समन्वय पक्षाने प्रथमच एकमताने सर्वांची तोंडे पाहायला सुरुवात केली होती.

“बरं, सोडलं खाचर,” कोंडाजीराव शेवटी म्हणाले.

“हितं सोडलं, का भाईर?”

कोंडाजीरावांनी दाराकडे पाहिलं. “भाईर.”

“चला मग भाईर.”

पायऱ्यांवर बजरंग डोक्यावर खुर्च्या घेऊन उभा होता. त्याच्यासमोर, टांगेवाल्यांसमोर आणि हॉटेलवाल्यासमोर कोंडाजीराव म्हणाले, “खालचं खाचर वयनीचं हाय. मी त्यात औत घालणार न्हाई.”

“आयकलंस का, बजरंगा?” बाईंनी विचारलं.

“आयकलं. तेवढी वाट सोडा.”

आत परचुऱ्यांनी निर्णय दिला की हे वाक्य सभागृहाबाहेर उच्चारलेले असल्याने कामकाजात घेता येणार नाही. त्यावर दोन्ही बाजूंनी जोरदार भाषणे झाली.

त्या आषाढात तिथे कस्तुराबाईंनीच लावणी केली. पुढे एकदा औंढ्याला गेलो असता मी ते खाचर पाहिलं. ते अकरा गुंठे आहे.